जॅक ऑडिओ सर्व्हर आणि सेशन मॅनेजर आपोआप सुरू करणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लिनक्सवर जॅक ऑडिओ सर्व्हर (प्रोग्राम एकमेकांना आणि साऊंड कार्डाला जोडणारा प्रोग्राम) वापरणाऱ्या आणि आर्डर (ध्वनिमुद्रणाचा प्रोग्राम), सिंथेसायझर, इफेक्ट, मेट्रोनोम असे अनेक प्रोग्राम एखाद्या सेशन मॅनेजरच्या हाताखाली एकत्र उघडणाऱ्या वाचकांसाठी हे पान आहे. संगणक चालू केला की सर्व्हर उभा राहावा, त्यानंतर सेशन उघडावे आणि सगळ्या जोडण्या जागच्या जागी दिसाव्यात, अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात बहुतेक तक्रारी एकाच कारणाने येतात, ते म्हणजे एकाहून अधिक प्रोग्राम सर्व्हर सुरू करण्याचा प्रयत्न करतात. म्हणून खालील सर्व उत्तरे एकाच भूमिकेतून लिहिली आहेत: सर्व्हर कोणी सुरू करायचा हे आधी ठरवावे, ते काम एकाकडेच ठेवावे आणि बाकीच्यांना त्यापासून रोखावे. आज्ञा आणि फाइलींची नावे येथे देवनागरीत दिली आहेत. संगणकावर ती अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करावी लागतात.

सेशन मॅनेजर स्वतःच जॅक सर्व्हर सुरू करत नाही का?

बहुतेक वेळा नाही. नॉन सेशन मॅनेजर (एनएसएम) आणि त्यापासून २०२० मध्ये वेगळा झालेला न्यू सेशन मॅनेजर यांच्यातील मुख्य डेमन (पार्श्वभूमीत चालणारा प्रोग्राम), म्हणजे एनएसएमडी, प्रत्येक प्रोग्रामला ओएससी (संगीताच्या प्रोग्रामांमधील संदेशांची एक पद्धत) संदेशांद्वारे "हे उघड", "हे जतन कर", "आता बंद हो" एवढेच सांगतो. ऑडिओ सर्व्हर चालू आहे की नाही, तो कोणत्या कार्डावर आहे, त्याचा सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने) किती आहे, या गोष्टी त्याच्या अखत्यारीत येत नाहीत. सर्व्हर नसताना सेशन उघडले तर एनएसएमडी प्रोग्राम सुरू करून मोकळा होतो आणि पुढची अडचण प्रत्येक प्रोग्रामच्या गळ्यात पडते.

लॅडिश याला अपवाद आहे. तो जॅकडीबसवर, म्हणजे डी-बसमार्फत (प्रोग्रामांनी एकमेकांना संदेश पाठवण्याच्या व्यवस्थेमार्फत) चालवल्या जाणाऱ्या जॅकवर अवलंबून आहे, आणि त्याच्या "स्टुडिओ"मध्ये प्रोग्राम व जोडण्यांबरोबर सर्व्हरची मांडणीही जतन होते. स्टुडिओ सुरू केला की सर्व्हर त्याच मांडणीने सुरू होतो. रे सेशन या दोहोंच्या मधला आहे. तो एनएसएमचाच प्रोटोकॉल वापरतो, पण सेशन उघडताना, जतन करताना आणि बंद करताना चालणाऱ्या स्क्रिप्टची सोय त्यात असल्यामुळे सेशनगणिक जॅकची मांडणी लक्षात ठेवता येते.

मी काहीच ठरवलेले नसताना कधी कधी सर्व्हर आपोआप सुरू होतो. तो कोण सुरू करतो?

जॅकची लायब्ररी सुरू करते. जॅकशी जोडू पाहणारा प्रोग्राम सर्व्हर शोधतो आणि तो सापडला नाही, तर लायब्ररी होम फोल्डरमधील "डॉट जॅकडीआरसी" ही फाइल उघडून तिच्यात लिहिलेली आज्ञा चालवते. ही फाइल क्यूजॅककंट्रोलने (जॅक खिडकीतून चालवण्याच्या प्रोग्रामने) आपल्या नकळत कधीतरी लिहून ठेवलेली असते. फाइलच नसेल तर लायब्ररी आल्साच्या (लिनक्सच्या साऊंड कार्ड ड्रायव्हरांच्या) डिफॉल्ट मांडणीने एक तात्पुरता सर्व्हर उभा करते, आणि शेवटचा प्रोग्राम बाहेर पडला की तो सर्व्हरही बंद होतो. काही प्रोग्राम "सर्व्हर सुरू करू नये" अशी सूचना देऊनच जोडणी मागतात, त्यामुळे एकाच संगणकावर एका प्रोग्रामने सर्व्हर उठतो आणि दुसऱ्याने उठत नाही, असा गोंधळात टाकणारा अनुभव येतो.

एक प्रोग्राम हाताने उघडताना ही सोय उपयोगी असते. सेशनमध्ये मात्र पाच-सात प्रोग्राम एकाच क्षणी उघडतात, प्रत्येकाला सर्व्हर बंद दिसतो आणि प्रत्येक जण तो सुरू करायला धावतो. एकाला यश येते, आणि उरलेल्यांपैकी काही वेळेत जोडले जातात तर काही हार मानून बंद पडतात. आज सिंथेसायझर गायब, उद्या मिक्सर गायब, अशी अडचण असेल तर प्रथम याच शर्यतीचा संशय घ्यावा.

उपाय सोपा आहे. "जॅक_नो_स्टार्ट_सर्व्हर" हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १ केले की लायब्ररी सर्व्हर सुरू करण्याच्या फंदात पडत नाही. सर्व्हर नसेल तर प्रोग्राम लगेच आणि स्पष्ट त्रुटी देतो, आणि ती त्रुटी चुकीच्या कार्डावर गुपचूप उभ्या राहिलेल्या सर्व्हरपेक्षा कितीतरी बरी असते.

डॉट जॅकडीआरसी फाइल बदलली, तरी सर्व्हर जुन्याच मांडणीने सुरू होतो. असे का?

आपल्या डिस्ट्रोमधील (लिनक्सच्या आवृत्तीतील) जॅक डी-बसच्या आधाराने बांधलेला असेल, तर आपोआप सुरुवात जॅकडीबसमार्फत होऊ शकते, आणि जॅकडीबस आपली मांडणी होम फोल्डरमधील डॉट-कॉन्फिग, जॅक, कॉन्फ-डॉट-एक्सएमएल या वेगळ्या फाइलीत ठेवतो. डॉट जॅकडीआरसी तो वाचतच नाही. ही एक्सएमएल फाइल हाताने बदलण्यापेक्षा "जॅक_कंट्रोल" ही आज्ञा वापरावी. ड्रायव्हर, कार्ड, सॅम्पल रेट आणि पिरियड (एका वेळी हाताळला जाणारा आवाजाचा तुकडा) हे चारही तिच्यातून ठरवता येतात आणि सर्व्हर सुरू किंवा बंदही करता येतो.

मग सर्व्हर सुरू करण्याचे काम कोणाकडे द्यावे?

लॅडिश वापरणाऱ्यांनी ते लॅडिशकडेच द्यावे. रोज डेस्कटॉपवर बसून काम करणाऱ्या आणि मांडणी अधूनमधून बदलणाऱ्या व्यक्तीला क्यूजॅककंट्रोल पुरेसा आहे. रंगमंचावरचा संगणक, मॉनिटर नसलेला रास्पबेरी पाय, किंवा वर्गात रोज तसाच सुरू व्हायला हवा असा संगणक, यांसाठी सिस्टिमडीची (लिनक्सवर सेवा सुरू करणाऱ्या व्यवस्थेची) यूजर सर्व्हिस हाच माझ्या मते सर्वांत भरवशाचा मार्ग आहे, कारण क्रम, पुन्हा प्रयत्न आणि नोंदी या तिन्ही गोष्टी तिथे एकाच ठिकाणी मिळतात.

क्यूजॅककंट्रोलमध्ये नेमके काय करावे?

सेटअपमध्ये प्रोग्राम उघडताच सर्व्हर सुरू करण्याचा पर्याय निवडावा, आणि क्यूजॅककंट्रोल स्वतः डेस्कटॉपच्या "लॉगिननंतर सुरू होणारे प्रोग्राम" या यादीत टाकावा. त्यानंतर सेटअपमधीलच "सर्व्हर सुरू झाल्यानंतर चालवायची स्क्रिप्ट" या रकान्यात सेशन मॅनेजर उघडण्याची आज्ञा द्यावी. सेशन मॅनेजर लॉगिनच्या यादीत वेगळा टाकू नये. डेस्कटॉप त्या यादीतील प्रोग्राम एकमेकांसाठी थांबत न बसता सुरू करतो, आणि सेशन सर्व्हरच्या आधी उघडण्याची शक्यता राहते. जॅकडीबसचा पर्याय चालू ठेवायचा की नाही, हेही एकदाच ठरवावे. तो चालू असेल तर सर्व्हर जॅकडीबस म्हणून चालतो, नसेल तर जॅकडी म्हणून.

सिस्टिमडीची यूजर सर्व्हिस कशी लिहावी?

होम फोल्डरमधील डॉट-कॉन्फिग, त्यातील सिस्टिमडी आणि त्यातील यूजर या फोल्डरमध्ये "जॅक-डॉट-सर्व्हिस" नावाची फाइल तयार करावी. काही डिस्ट्रोंच्या जॅक पॅकेजमध्ये अशी तयार सर्व्हिस मिळते. मिळत असेल तर तीच वापरावी आणि फक्त कार्डाचे नाव व मांडणी बदलावी.

स्वतः लिहायची असेल, तर युनिट विभागात ती साऊंड टार्गेटनंतर सुरू व्हावी असे सांगावे. सर्व्हिस विभागातील एक्झेकस्टार्टच्या ओळीत जॅकडीची पूर्ण आज्ञा द्यावी: आल्सा ड्रायव्हर, कार्डाचे नाव, ४८००० सॅम्पल रेट, २५६ फ्रेमचा पिरियड आणि यूएसबी कार्ड असेल तर ३ पिरियड. जॅकडीचा पाथ मुळापासून पूर्ण लिहावा. याच विभागात सर्व्हर अपयशाने बंद पडल्यास पुन्हा सुरू करण्याची ओळ आणि दोन प्रयत्नांमधील अंतराची ओळ हवी. इन्स्टॉल विभागात डिफॉल्ट टार्गेट लिहिले की फाइल पूर्ण झाली. मग सिस्टिमसीटीएलला "यूजर" हा पर्याय देऊन ती सर्व्हिस एनेबल करावी.

इथे एक बारकावा आहे आणि सेशनच्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. साध्या प्रकारची सर्व्हिस सिस्टिमडीच्या लेखी प्रक्रिया सुरू होताच "सुरू झाली" असे मानली जाते. जॅकडीला कार्ड उघडायला आणि जोडण्या स्वीकारायला त्यानंतर काही क्षण लागतात, त्यामुळे सेशन मॅनेजरच्या सर्व्हिसमध्ये नुसते "जॅकनंतर" असे लिहून भागत नाही. जॅकच्या अवजारांमध्ये "जॅक_वेट" नावाची छोटी आज्ञा आहे. तिला थांबण्याचा पर्याय आणि वेळेची मर्यादा दिली की सर्व्हर खरोखर उपलब्ध होईपर्यंत ती परतत नाही. ही आज्ञा जॅकच्या सर्व्हिसमध्ये एक्झेकस्टार्टपोस्टच्या ओळीत टाकावी. सिस्टिमडी ती ओळ पूर्ण होईपर्यंत नंतरच्या सर्व्हिस रोखून धरतो, म्हणून सेशन मॅनेजर तयार सर्व्हरवरच उघडतो. स्क्रिप्टमध्ये अंदाजाने दहा सेकंद झोप घालण्याचा प्रकार सर्रास दिसतो. तो टाळावा, कारण संगणक सावकाश उठला त्या दिवशी दहा सेकंद कमी पडतात आणि इतर दिवशी ती वाया जातात.

सेशन मॅनेजरची सर्व्हिस वेगळी हवी का?

हो. एनएसएमडीची स्वतंत्र सर्व्हिस लिहावी, तिला जॅकची सर्व्हिस आवश्यक असल्याचे आणि तिच्यानंतरच सुरू व्हायचे असल्याचे सांगावे, आणि आज्ञेत उघडायच्या सेशनचे नाव द्यावे. "जॅक_नो_स्टार्ट_सर्व्हर" हे व्हेरिएबल याच फाइलीत लिहावे; एनएसएमडी जे प्रोग्राम उघडतो त्यांच्याकडे ते वारशाने जाते. सेशनमधील प्रोग्रामना खिडक्या असतील तर ही सर्व्हिस ग्राफिकल सेशन टार्गेटला जोडावी, नाहीतर स्क्रीन तयार होण्याआधीच ते उघडू पाहतील आणि बंद पडतील.

जॅक रूटच्या (प्रशासकाच्या) नावाने, संपूर्ण सिस्टिमची सर्व्हिस म्हणून चालवला तर?

चालतो, पण आपल्या नावाने उघडलेले प्रोग्राम त्याला जोडता येत नाहीत. सर्व्हर आणि प्रोग्राम एकाच वापरकर्त्याचे असावेत अशी जॅकची अपेक्षा असते. "जॅक_प्रोमिस्क्युअस_सर्व्हर" नावाची पळवाट उपलब्ध असली, तरी एकट्याच्या संगणकावर तिची गरज नाही.

लॉगिन न करता सर्व्हर सुरू व्हायला हवा असेल, तर लॉगिनसीटीएलमधून आपल्या वापरकर्त्यासाठी "लिंगर" चालू करावे. मग संगणक उठताच आपल्या यूजर सर्व्हिस सुरू होतात. अशा वेळी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: साऊंड कार्ड वापरण्याची परवानगी एरवी समोर बसून लॉगिन केलेल्या व्यक्तीला तात्पुरती मिळते, आणि लिंगरमध्ये कोणी लॉगिन केलेलेच नसते. म्हणून वापरकर्ता ऑडिओ गटात असणे आवश्यक ठरते. लॉगिन केल्यावर सगळे ठीक चालते आणि रीबूटनंतर मात्र "परवानगी नाही" असे येते, त्याचे कारण हेच.

हाताने सुरू केलेला सर्व्हर रिअलटाइममध्ये चालतो, आपोआप सुरू झालेला चालत नाही. काय तपासावे?

रिअलटाइम प्राधान्य (इतर कामांच्या आधी प्रोसेसर मिळण्याचा हक्क) आणि मेमरी कुलूपबंद करण्याची मुभा या दोन मर्यादा एटीसी, सिक्युरिटी, लिमिट्स-डॉट-डी या फोल्डरमधील फाइलीतून ठरतात. डेबियन आणि उबुंटूमध्ये जॅकडी-२ पॅकेज बसवताना विचारलेल्या प्रश्नाला होकार दिला की ऑडिओ गटासाठी ही फाइल तयार होते. आर्च लिनक्समध्ये त्यासाठी रिअलटाइम-प्रिव्हिलेजेस नावाचे पॅकेज आणि रिअलटाइम नावाचा गट आहे. गटात नाव घातल्यानंतर फक्त टर्मिनल बंद करून उघडणे पुरत नाही. यूजर सर्व्हिस चालवणारा सिस्टिमडीचा व्यवस्थापक जुन्याच मर्यादा घेऊन चालू राहतो, आणि सर्व्हिसच्या फाइलीत मोठे आकडे लिहिले तरी त्या मर्यादेपलीकडे जाता येत नाही. सरळ रीबूट करावे.

प्रत्येक वेळी कार्डाचा क्रमांक बदलतो आणि सर्व्हर चुकीच्या कार्डावर उठतो. काय करावे?

क्रमांक वापरू नये, नाव वापरावे. टर्मिनलमध्ये प्रॉक, आसाऊंड, कार्ड्स ही फाइल वाचली की प्रत्येक कार्डासाठी एक नोंद दिसते: डावीकडे क्रमांक, त्यापुढे चौकटी कंसात छोटे नाव आणि नंतर पूर्ण वर्णन. क्रमांक कर्नलला कार्डे ज्या क्रमाने सापडतात त्यावर ठरतो. ग्राफिक्स कार्डाचा एचडीएमआय आवाज, मदरबोर्डचा आवाज आणि यूएसबी इंटरफेस यांपैकी कोण आधी सापडेल याची खात्री नसते, म्हणून काल १ असलेले कार्ड आज २ होऊ शकते. कंसातील नाव मात्र सहसा तेच राहते. "एचडब्ल्यू" आणि कोलन (:) यांनंतर क्रमांकाऐवजी ते नाव दिले की प्रश्न मिटतो. अगदी एकसारखे दोन इंटरफेस जोडले असतील तर त्यांची नावे कोणाला कोणती मिळतील हेही क्रमावरच ठरते, तेवढी काळजी घ्यावी.

यूएसबी इंटरफेस उशिरा जागा होतो किंवा त्याची वायर नंतर जोडली जाते, याची वेगळी सोय करावी लागते. अपयशानंतर पुन्हा सुरू करण्याची ओळ सर्व्हिसमध्ये असली, तरी सिस्टिमडी मुळात दोन प्रयत्नांमध्ये फक्त १०० मिलिसेकंद थांबतो आणि १० सेकंदांत ५ प्रयत्न झाले की नाद सोडतो. म्हणजे इंटरफेसचा दिवा लागण्याआधीच पाचही संधी संपलेल्या असतात. अंतर ३ सेकंद केले की १० सेकंदांत पाच प्रयत्न होतच नाहीत आणि कार्ड येईपर्यंत सर्व्हर प्रयत्न करत राहतो. जॅक_वेटची वेळमर्यादाही याच्याशी सुसंगत ठेवावी.

"डिव्हाइस व्यस्त आहे" अशी त्रुटी येते. कार्ड कोणी धरून ठेवले आहे?

बहुधा पल्सऑडिओ किंवा पाइपवायर, म्हणजे डेस्कटॉपचा नेहमीचा आवाज चालवणारे सर्व्हर. जॅक डी-बसवरून कार्डाचे आरक्षण मागतो आणि हे दोन्ही सर्व्हर सहसा कार्ड सोडतात. ब्राउझरचा आवाजही चालू ठेवायचा असेल, तर जॅकडीऐवजी जॅकडीबस सुरू करणे सोयीचे आहे, कारण पल्सऑडिओ आणि पाइपवायर या दोघांकडे जॅकडीबस सुरू झाल्याचे ओळखून त्याला आपोआप जोडणारे मॉड्यूल आहे. साध्या जॅकडीला ते ओळखत नाही.

आर्डर थेट आल्सावर उघडलेला असेल तर कार्ड त्याच्या ताब्यात असते आणि आरक्षण मागून ते मिळेलच असे नाही. तो बंद करावा आणि त्याच्या ऑडिओ मांडणीत जॅक निवडावा.

एसएसएचवरून (दुसऱ्या संगणकावरून), मॉनिटर नसलेल्या संगणकावर जॅकडी चालवताना डी-बसच्या "सेशन बस"ला जोडता येत नसल्याची त्रुटी येत असेल, तर तिथे आरक्षण मागायला कोणी नाही एवढाच तिचा अर्थ आहे. "जॅक_नो_ऑडिओ_रिझर्व्हेशन" हे व्हेरिएबल १ करावे.

माझ्याकडे पाइपवायर आहे. यातले काही करण्याची गरज आहे का?

बहुधा नाही. फेडोरा ३४ पासून आणि उबुंटू २२.१० पासून पाइपवायर हाच मूळ ऑडिओ सर्व्हर आहे आणि त्याची जॅकला पर्यायी लायब्ररी बसवली असेल, तर जॅकचे प्रोग्राम थेट त्यालाच जोडले जातात. तो सिस्टिमडीच्या सॉकेटमुळे मागणी होताच सुरू होतो. तिथे वेगळा जॅकडी सुरू करणे म्हणजे कार्डासाठी दोन दावेदार उभे करणे. पाइपवायरबरोबरचा वायरप्लंबर स्वतःला सेशन मॅनेजर म्हणवतो, पण तो उपकरणे आणि प्रवाह जोडतो. आपले सेशन, म्हणजे कोणते प्रोग्राम कोणत्या फाइलींसह उघडायचे, ते सांभाळण्यासाठी एनएसएम किंवा रे सेशन लागतोच, आणि तो पाइपवायरवरही चालतो.

आपोआप सुरुवातीसाठी पिरियड आणि सॅम्पल रेट किती ठेवावा?

पिरियडची लांबी गुणिले पिरियडची संख्या भागिले सॅम्पल रेट, हा हिशेब आहे. २५६ फ्रेम, ३ पिरियड आणि ४८००० सॅम्पल रेट धरले तर १६ मिलिसेकंद होतात. १२८ फ्रेमला ८, आणि १०२४ फ्रेमला ६४. कीबोर्ड वाजवताना ६४ मिलिसेकंदांचा उशीर हाताला स्पष्ट जाणवतो, पण नुसते मिक्सिंग करायचे असेल तर त्याने काही बिघडत नाही. आपोआप सुरू होणाऱ्या सर्व्हरसाठी २५६ पासून सुरुवात करावी आणि एक्सरन (डेटा वेळेत न पोचल्याने आवाजात पडणारे खंड) मुळीच येत नसतील तरच खाली यावे.

सॅम्पल रेटबाबत मात्र हयगय नको. ४४१०० वर ध्वनिमुद्रित केलेले सेशन ४८००० च्या सर्व्हरवर उघडले तर आर्डर इशारा देतो, आणि तो दुर्लक्षून वाजवले तर आवाज सुमारे ९ टक्के जलद, म्हणजे जवळजवळ दीड अर्धस्वर वर जातो. काळी एकमध्ये गायलेली बंदिश पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मध्ये कुठेतरी ऐकू येते, आणि सोबत वाजवू पाहणाऱ्याची पेटी कशालाच जुळत नाही. वेगवेगळ्या रेटची सेशन असतील तर प्रत्येक रेटसाठी जॅकची स्वतंत्र सर्व्हिस करावी आणि सेशनच्या सर्व्हिसमध्ये योग्य तीच आवश्यक म्हणून लिहावी. रे सेशनमध्ये हेच काम स्क्रिप्टने होते.

सर्व्हर सुरू झाला, प्रोग्राम उघडले, पण जोडण्या आल्या नाहीत.

एनएसएमचा डेमन जोडण्या जतन करत नाही. त्यासाठी जॅकपॅच हा छोटा प्रोग्राम त्या सेशनमध्ये घातलेला असावा लागतो आणि जोडण्या केल्यानंतर सेशन जतन केलेले असावे लागते. तो असूनही जोडण्या येत नसतील तर पोर्टची (प्रोग्राममध्ये आवाज आत-बाहेर जाण्याच्या टोकांची) नावे बदलली आहेत का ते पाहावे. फक्त मिडी (स्वरांच्या सूचनांच्या) जोडण्या गायब असतील तर ए-टू-जे-मिडीडी हा आल्साची मिडी जॅकला जोडणारा पूल सेशनच्या आधी सुरू झालेला नसतो. त्याचीही सर्व्हिस करून ती जॅक आणि सेशन यांच्या मध्ये ठेवावी.

रीबूटनंतर सर्व काही बरोबर सुरू झाले आहे हे कसे तपासावे?

जर्नलसीटीएलला यूजर सर्व्हिसचे नाव देऊन जॅकच्या नोंदी वाचाव्यात. कार्डाचे नाव, सॅम्पल रेट आणि पिरियड तिथे दिसतात. "जॅक_एलएसपी" ही आज्ञा पोर्टची यादी देते, आणि तिलाच जोडण्यांचा पर्याय दिला की कोणता पोर्ट कुठे जोडला आहे तेही कळते. त्यानंतर प्रक्रियांच्या यादीत जॅकडी आणि जॅकडीबस यांपैकी एकच चालू आहे ना, ते पाहावे. दोन्ही दिसले तर सर्व्हर सुरू करणारा दुसरा कोणीतरी अजून शिल्लक आहे: लॉगिनच्या यादीत राहून गेलेला क्यूजॅककंट्रोल किंवा "जॅक_नो_स्टार्ट_सर्व्हर" न मिळालेला एखादा प्रोग्राम. या दोन जागा त्याच क्रमाने तपासाव्यात.